रक्तात आलेला आकडा

३ मार्च, सोमवार

तीनशे बारा!! माझं कोलेस्ट्रॉल! माझं — जिला तलावावरची पोरं पाठीमागे ‘काडी मॅडम’ म्हणतात! रोज निम्मा दिवस पाण्यात, लोकांच्या पोरांना पोहायला शिकवतेय, आणि माझ्या रक्तात म्हणे चरबी. लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या असणार, दुसरं काय!

आणि ह्याचं? कामावरची वार्षिक तपासणी माझी, हा नुसता सोबतीला आलेला. ‘माझंही घ्या की रक्त’ म्हणाला. एकशे एकसष्ट. बेकरीवाल्याचं! दिवसभर स्वतःच्याच भट्टीतली लोण्याची बिस्किटं चापणाऱ्या माझ्या नवऱ्याचं! रिपोर्ट छातीशी धरून घरभर नाचला. तो थांबला तरी पोट नाचतच होतं. मी उशी फेकून मारली. हसून हसून दोघांची मुरकुंडी.

४ मार्च

परत रक्त दिलं. बाटलीवर माझं नाव लिहून होईपर्यंत डोळे वटारून उभी राहिले.

६ मार्च

तीनशे नऊ. बाटली माझीच होती.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई शांत, पण एकदम रोखठोक. “बारीक असण्यावर काही नसतं. कोलेस्ट्रॉल मुख्यतः आपलं यकृतच बनवतं, आणि जास्तीचं रक्तातून उचलायचं कामही त्याचंच. तुमचं उचलायला कमी पडतंय.” म्हणजे माझ्या पोटात एक कामचुकार बसलाय! वाईट कोलेस्ट्रॉल, ते एलडीएल, दोनशे तीस. हवं शंभराच्या आत.

मग विचारलं, “घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास?”

“बाबा. बेचाळिसाव्या वर्षी गेले. मी अकरा वर्षांची होते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझे डोळे बघितले, टाचेमागची शीर चाचपली — तिथेही चरबी साचते म्हणे. “हे बहुतेक जन्मापासूनचं आहे. वडिलांकडून आलेलं. गोळी रोज घ्यायची, कायमची. आणि भाऊ असेल तर त्यालाही तपासून घ्यायला सांगा.”

मी अडतीस. बेचाळीस वजा अडतीस — हे गणित करायचं नाही असं ठरवलं. केलंच.

 येताना स्कूटरवर ह्याने माझा हात स्वतःच्या पोटाशी घट्ट धरून ठेवला होता. “एका हाताने चालवतोस, उद्या अपघाताने जाईन, कोलेस्ट्रॉल राहील बाजूला!” म्हणाले, तेव्हा कुठे हसला.

९ मार्च

नवऱ्याचा नवा शोध — बिनलोण्याची ओटची बिस्किटं! माझ्यासाठी पहाटे उठून केली. एक खाल्लं. एक खिडकीत ठेवलं. कावळ्याने उचललं, विचार केला, परत ठेवलं. मी आणखी दोन खाल्ली. तो बघत होता ना!

१२ मार्च

दादाला फोन केला.

“मला काय धाड भरलीय? घोड्यासारखा आहे मी!”

“बाबाही घोड्यासारखेच होते.”

त्याने लॅबचा पत्ता विचारून घेतला. मग — “जातो उद्या.”

१५ मार्च

दादा दोनशे नव्याण्णव! त्याचीही गोळी सुरू. मला म्हणतो, “तू जिंकलीस ग!” आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशात तरी हरवलं, तेही ह्यात! फोन ठेवल्यावर जरा रडले. वेळेत कळलं म्हणून. आनंदानेच.

२२ एप्रिल, मंगळवार

अठ्ठ्याण्णव! एलडीएल अठ्ठ्याण्णव!! दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरले आणि तशीच बेकरीत घुसले. ह्याने पिठाच्या हातांनीच मला उचललं. गिऱ्हाईकं बघतायत! एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अभिनंदन, काय झालं?” हा म्हणाला, “शंभराच्या आत आली!” त्यांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, शर्यत असणार.

डॉक्टरीणबाईंनी दम भरलाय — आकडा उतरला म्हणून गोळी सोडायची नाही, ती आहे म्हणूनच उतरलाय. मी विचारलं, नुसत्या पथ्याने नसतं का भागलं? “पथ्य हवंच. पण तुमच्यासारख्यांना तेवढं पुरत नाही. वडिलांनी नुसता पाला खाल्ला असता तरी त्यांचा आकडा चढाच राहिला असता.”

२३ एप्रिल

आज आईला सांगून टाकलं. इतके दिवस घाबरेल म्हणून दादाने आणि मी तोंडाला कुलूप घातलं होतं. आता घाबरायचं काय! फोनवर धबधब्यासारखी बोलत सुटले — तीनशे बारा, कावळा, दादा, अठ्ठ्याण्णव, बाबा आणि पाला, सगळं. मला वाटलं हसेल. “दूध उतू जातंय” म्हणाली आणि फोन ठेवला.

२४ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर आई. एकटी, दोन गाड्या बदलून आलेली. पिशवी खांद्यावर तशीच. आत ये म्हटलं, आली नाही.

“डॉक्टर नक्की असंच म्हणाल्या? पाला खाल्ला असता तरी?”

“हो ग आई. रक्तातलंच होतं ते.”

चौकट धरून उभी होती. सत्तावीस वर्षांत कधी ऐकला नाही असा आवाज.

“म्हणजे माझ्या हातच्या खाण्याने नाही गेले ते?”