लोणारची कालवं

साखरखेर्डा,
आश्विन, १९६४

प्रिय नीळू,

तुझं पत्र काल पोचलं. घरच्यांची खुशाली विचारायला दोन ओळी आणि उरलेलं पानभर कालवांची चिंता, असा तुझा नेहमीचा थाट. खाडीतल्या खडकावर तू मोजदादीसाठी चौकट आखली होतीस, तिच्यातले पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेले दोन दगड गेल्या माघात कालवांसकट नाहीसे झाले आणि तेव्हापासून तुझा मेळ बसत नाही. ते चुन्याच्या भट्टीवाल्यांनी नेले, की लाटेनं गेले, की तिथली कालवं मरायलाच लागली आहेत, हे कळल्याशिवाय किनाऱ्यावरची कालवं संपत चालली की नाही याचा अहवाल पुरा करता येत नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला मोठ्या ओहोटीत पुन्हा मोजणार, आणि म्हणून यंदाही दिवाळीला येणार नाहीस. वाचून मी आधी चिडले आणि मग एकटीच हसत बसले. नीळू, तुझा चोर सापडला आहे. तो आपल्याच ओसरीवर उशांना टेकून बसला आहे आणि मघापासून मला विचारतो आहे, "इतकं काय लिवून राह्यली वं?"

होय, बाबाच. माघात तुझ्याकडून परतले तेव्हा हातात कळशी होती, तिच्या तोंडाला ओलं गोणपाट बांधलेलं. मला वाटलं, समुद्राचं पाणी आणलं असेल, कुणी गंगा आणतं तसं. पण वास असा की रुक्मिणीकाकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, कोणाचं जनावर मेलं. गळ्यात तुळशीची माळ घालणारा, कांदा चिरला तरी उठून जाणारा हा माणूस चार गाड्या बदलत ती कालवं घेऊन आला होता. मलकापूरच्या एस.टी.त कंडक्टर म्हणे, "म्हातारबा, हे खायले नेता काय?" तर बाबा म्हणाले, "खायले नाई, वसवायले नेतो." कंडक्टरनं हात जोडले आणि त्यांना मागच्या बाकावर बसवलं. घरी पाणीसुद्धा न पिता ते दुसऱ्या दिवशी आपल्या निवृत्तीला घेऊन मेहकरमार्गे लोणारला गेले आणि कळशी तळ्यात रिकामी करून आले. निवृत्ती आपलं शेत बटईनं करतो खरा, पण बाबांनी सांगितलं तर तो विहिरीतही उतरेल. कशासाठी, हे त्यानं विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

त्यात माझाही थोडा हात आहे. मी मुलींना भूगोल शिकवते तेव्हा शाळेच्या पडवीत बाबा अधूनमधून येऊन बसतात. लोणारचं सरोवर खाऱ्या पाण्याचं, हे वाक्य मुली दरवर्षी सुरात म्हणतात. ते बाबांनी पक्कं धरलं. खारं पाणी तिथं आणि खारं पाणी इथं. कालवं इथं जगली तर सरकारला ती मोजायला माणूस लागणार, आणि तो माणूस जिल्ह्यातलाच असताना सरकार दुसरा कशाला नेमील. असा त्यांचा सरळ हिशेब. मला म्हणाले, "नीळूले तिकडं काय ठेवलं हाय? पानीच पाह्यजे ना त्याले, पानी तं आपल्याकडंबी हाय." तू आता कपाळावर हात मारशील. लोणारच्या पाण्यात सोड्यासारखा खार आहे, हात घातला तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, समुद्राचा जीव तिथं दिवसभरही टिकायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण कितीतरी दिवसांनी ते उमेदीनं काहीतरी करत होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी तुझ्या समुद्राचं वर्णन केलं. एवढं मोठं पाणी आणि एका बैलाला पाजता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. तू गुडघाभर चिखलात उभा राहून त्यांना कालवांचं सांगितलंस, ते त्यांनी शब्द न् शब्द लक्षात ठेवलं. पिल्लं आधी पाण्यात मोकळी तरंगतात, मग बसायला टणक जागा शोधतात, आणि बहुतेक वेळा ती जागा म्हणजे जुन्या कालवाची पाठ असते. एकदा बसलं की जन्मभर तिथंच. म्हणून रिकामे शिंपलेही उचलू नयेत, भट्टीत तर घालूच नयेत, ते गेले तर पुढची पिल्लं बसतील कशावर. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला आणि विचारलं, "मंग आपल्या पाठीवर काऊन नाई टिकला वं तो?" मी त्यांना ताक वाढलं.

त्यानंतर दर अमावास्येला ते लोणारला जायला लागले. अमावास्याच का, तर तू त्यांना सांगितलं होतंस की त्या दिवशी ओहोटी मोठी असते आणि तू खडकावर मोजायला उतरतोस. लोणारच्या तळ्याला कसली आली ओहोटी. पण त्या दिवशी तू तिकडे पाण्यात आणि हे इकडे पाण्यात, धोतर वर खोचून. जुन्या शिंपल्यांवर एखादं पिल्लू बसलं का ते बघायचं, काठावरच्या कमळजादेवीला नमस्कार करायचा आणि शेवटच्या गाडीनं यायचं. आल्यावर मी विचारायचे नाही आणि ते सांगायचे नाहीत. गावात लोक म्हणायला लागले, भगवानराव देवीचा काही नवस फेडून राह्यले. बाबांनी ते खोडून काढलं नाही.

घरात तुझ्या कितीतरी वस्तू आहेत, पण मला तुझी आठवण फार करून येते ती कैऱ्या सोलायच्या शिंपीपाशी. तू नदीतून शिंपल्या आणून दगडावर घासत बसायचास, पाठीला भोक पडून धार येईपर्यंत, आणि आई त्यानं कैऱ्या सोलायची. विळीवर सोललेली कैरी तिला आवडायची नाही, म्हणायची, माझ्या नीळूच्या शिंपीनं साल कशी कागदासारखी निघते. ती शिंपी अजून मिठाच्या सटात असते. यंदा लोणचं घातलं तेव्हा मी त्याच शिंपीनं सोललं. बोट कापलं, आणि कापल्याचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं. रडायला मला निमित्त लागतं हे तुला माहीत आहे.

आईचं नाव निघालंच आहे तर बोलून टाकते, कारण तू बोलणार नाहीस. आई गेली तेव्हा तू होडीत होतास, तार तुझ्या खोलीच्या दाराखाली पडून राहिली. तू आलास तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. दारात उभा राहिलास ते मला अजून दिसतं. चप्पल काढायचं तुला सुचत नव्हतं. बाबांनीच खाली वाकून तुझ्या पायातली चप्पल काढली. दिवस होताच तू परत गेलास आणि त्यानंतर या दारात आला नाहीस. दर वेळी एक कारण. कधी ओहोटी, कधी अहवाल, कधी साहेबांची पाहणी. सगळी खरीच असतील. पण मी तुझी बहीण आहे. तुला त्या उंबऱ्याची भीती वाटते. इथं तुला कुणीही बोल लावलेला नाही, बाबांनी तर कधीच नाही. ते एवढंच म्हणाले होते, "पोरगं पान्यात होतं, त्याले कोन सांगनार."

आता खरी बातमी. भाद्रपदात लोणारच्या उतारावर बाबांना धाप लागली, निवृत्तीनं पाठीवर घेऊन वर आणलं. मेहकरचे डॉक्टर येऊन गेले. काळीज थकलं आहे म्हणाले. पायांवर सूज आहे, आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून उशांना टेकून बसतात आणि बसल्याबसल्याच झोपतात. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. "त्याची मोजदाद तुटन," म्हणतात. सर्वपित्रीच्या अमावास्येला त्यांना जाता येईना, म्हणून सकाळपासून नुसती घालमेल. शेवटी आईचं पान ठेवून झाल्यावर मीच म्हणाले, मी बघून येते. निवृत्तीबरोबर गेले. उतार उतरले, तळ्याच्या त्या कुजकट वासातून पाण्यापर्यंत गेले. काठाशी चिखलात दोन दगड होते. त्यांवर शिंपले उघडे पडलेले, वर खाराची पांढरी पापडी. पापडी खरवडली तर खाली रंगाचा एक पट्टा निघाला, सरळ, ब्रशानं ओढलेला. मला काही उमजलं नाही. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा उमजलं. खडकावर एवढी कालवं असताना बाबांनी नेमके तेच दोन का उचलले, हे मात्र मला पत्राशिवायही कळलं असतं. त्यांवर तुझा हात फिरलेला होता.

तर तुझ्या अहवालात लिही की ती कालवं मेली नव्हती आणि भट्टीतही गेली नव्हती. ती एका म्हाताऱ्यानं नेली. तुझा मेळ बसला. खडकावरच्या कालवांचं काय व्हायचं ते तू ठरव, ती काढायला बंदी घालायची तर घाल, बाबांचा तुला आशीर्वादच आहे. पण अमावास्येला पुन्हा मोजण्याचं कारण आता उरलं नाही.

आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण अजून सांगितलंच नाही. त्या संध्याकाळी मी लोणारहून परतले तेव्हा बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. पाय धुवायचीही उसंत न देता त्यांनी विचारलं, "बसलं का वं एखादं?" एवढ्या महिन्यांत त्यांनी तो विषय पहिल्यांदा तोंडावाटे काढला, आणि माझ्यानं नाही म्हणवलं नाही. मी म्हणाले, बसलंय बाबा, एकच आहे, नखाएवढं, पण बसलंय. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मंग आता नीळू येते." दुसऱ्या दिवशी त्यांनी रुक्मिणीकाकूंकडून अंगण सारवून घेतलं, तुझी बाज उन्हात टाकायला लावली, आणि तेव्हापासून एस.टी.चा भोंगा वाजला की मान वळवतात. मी मुलींना खोटं बोलू नये म्हणून शिकवते, नीळू, आणि हे एवढं खोटं बोलून बसले आहे. ते खरं करणं आता तुझ्या हातात आहे. यावेळी तारेची वाट पाहू नकोस. पत्र मिळालं की त्याच पावली नीघ. दारात मी उभी असेन, चप्पल मी काढीन.

तुझीच,
सिंधूताई