टिशूवाल्या मॅडम

मंगळवार, ड्यूटीवरून आल्यावर

आज चहाच्या वेळी वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमनी आम्हा नर्सना कोरियन मालिकांची यादीच दिली. सगळ्या दवाखान्यातल्या गोष्टी. "सिस्टर, नक्की बघा. त्यातला डॉक्टर पेशंटच्या उशाशी बसून बोलतो हो. मन भरून येतं." सांगता सांगता डोळे भरले, मग टिशूने पुसले.

तेवढ्यात तळेगावची आजी दाराशी आली. तिचा मुलगा सात नंबरच्या खाटेवर आहे. "बाई, माह्या पोराले काय झालं? कोनी सांगूनच नाई राह्यलं."

मॅडमनी मोबाईलवरून नजरही उचलली नाही. "राउंडला मोठे सर सांगतील." हातात तोच टिशू, अजून ओला. मला इतका तिटकारा आला. पडद्यावरच्या खोट्या पेशंटसाठी रडायचं, आणि खरा दहा पावलांवर. कसलं हे मन, आणि कशाने भरतं?

मी चहा तसाच ठेवून उठले. केसपेपर बघितला, आजीला बाकावर बसवलं आणि सांगितलं, कावीळ आहे, औषध लागू पडतंय, आठवड्याभरात घरी न्याल.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एवढंच हाय का? मी तं त्याच्या बायकोले लेकरं घेऊन बलावून घेतलं. वाटलं, आता काही वाचत नाई. मंग तीन दिवस काऊन नाई सांगितलं, बाई?"

मॅडम या वॉर्डात आज सकाळीच आल्या. तिन्ही दिवस ड्यूटीवर मी होते.