रिकामे आलेले ग्लास

प्रिय दादा,

अक्षर बघून हसू नका. तीन वर्षांच्या शाळेत एवढंच जमलं. तुम्ही हॉटेल सोडलंत त्या दिवशी मोरीच्या दारात येऊन उभे राहिलात, आणि मी पाठ फिरवून भांडी आपटत बसले. त्याला दोन महिने झाले. माफीबिफी मागायला लिहीत नाही, ती मला येत नाही. दुसरंच आहे, सांगते.

पहिल्यांदा मोरीशी आलात तेव्हा नुकतेच तापातून उठला होतात, गाल बसलेले. मला वाटलं, हा वाइन ओतणारा टायवाला आता ग्लासवरचे डाग दाखवणार. तुम्ही विचारलंत, ग्लास कसे परत येतात? म्हटलं, कसे म्हणजे, उष्टे येतात! पण मग सांगितलं. ती फ्रान्सची तांबडी वाइन, बोर्दो, मेंढीच्या भाजलेल्या मांसाबरोबर गेली की ग्लास कोरडा येतो आणि ताटात नुसतं हाड. माशाबरोबर गेली की ग्लासही निम्मा, मासाही निम्मा. पंधरा वर्षं मी उष्टी काढतेय, ताट खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच घोटभर दिलीत. मी तोंड वाकडं केलं. एवढ्या लांबून आली ती तोंड आखडायला? कच्चं केळं चावल्यासारखी तुरट! तुम्ही हसलात, चरबीसकट मांसाचा तुकडा पुढे केलात आणि म्हणालात, बाई, आता घ्या. तुरटपणा गेला कुठे कळेना. मऊ लागली, काळ्या द्राक्षांसारखी, आणि मागून एक वास आला, पेन्सिलीला टोक करताना येतो तो. शाळेतलं माझ्याकडे तेवढंच शिल्लक आहे. मी ओरडले, अहो, पेन्सिल! तुमचे डोळे भरले. मला वाटलं, कांदा.

मग माशाबरोबर चाखली, तर लोखंडी पळी चाटल्यासारखी. तिखटाबरोबर तर नुसती जळते. आणि उघडल्या उघडल्या ओतू नये, तासभर तशीच राहू द्यावी. चिडलेल्या माणसाला लगेच बोलू नये, तसं. हे माझ्याकडे बघून म्हणाला होतात, विसरले नाही मी.

मग ती बाटली. एकाच टेबलावरून तीन ग्लास भरलेले परत आले. मी हुंगलं, ओल्या पोत्याचा वास, बाटली नासलेली. तुम्ही माझ्यासमोर घोट घेतलात आणि म्हणालात, छान आहे की. मी गुपचूप ग्लास ओतून टाकले. तेव्हा कळलं, त्या तापाने तुमचं नाक आणि जीभ दोन्ही नेली होती. पुढे प्रत्येक बाटली आधी मोरीशी यायला लागली. मी हुंगून, चाखून मान डोलावली की बाटली बाहेर टेबलावर.

दोन वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं, आणि तुम्ही एका दुपारी मालकांसमोर स्वतःच सांगून बसलात, की मला चव लागत नाही, चाखते ती भांडीवाली, माझ्या जागी तिला घ्या. कुणी विचारलं होतं? आपल्याच पायावर धोंडा! म्हणून भांडी आपटली. माझ्यासाठी आजवर कुणी खुर्चीतून उठलेलंसुद्धा नाही, तुम्ही तर जागाच सोडलीत. अशा वेळी काय बोलतात ते मला कुठे ठाऊक?

मालक दोन महिने माझी जीभ तपासत होते. काल म्हणाले, सोमवारपासून मोरी सोडा, बाटल्या सांभाळा. तेव्हा तुम्ही जाताना मोरीच्या कट्ट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला बूच काढायचा स्क्रू पहिल्यांदा हातात घेतला. मूठ तुमच्या अंगठ्यापाशी झिजलीय, माझा अंगठा तिथे बरोब्बर बसला. म्हणून हे पत्र. सोमवारी दुपारी या. पहिली बाटली तुमच्या टेबलावर, मेंढीच्या मांसाबरोबर. तासभर आधी उघडून ठेवते. चव लागत नाही हे कारण मला सांगायचं नाही. तुम्ही फक्त घोट घ्या. मी शेजारी उभी राहून सांगत जाईन, आता तुरट, आता द्राक्षं, आता पेन्सिल.

तुमचीच,
मोरीवाली