काचेवर रेघ एकदाच

४ मार्च
चि. भुंग्यास, अनेक उत्तम दुवा.
आधी कानउघाडणी, ख्यालीखुशाली नंतर. तुझ्या बायकोचं पत्र आलं. एरवी चार ओळींवर भागवणारी बाई, या वेळी चार पानं. पोरगी दीड महिन्याची झाली आणि तू तिला एकदाही हातात घेतलं नाहीस म्हणे. ती पोर पुढे करते आणि तुला नेमकं तेव्हाच वजू करायचं सुचतं. मग नमाजाआधी हातपाय धुण्याच्या नावाखाली अर्धा-अर्धा तास नळ चालू. मुलगी झाली म्हणून तुझं तोंड उतरलंय, असं तिनं मनाशी धरलं आहे. २९ तारखेला, रविवारी, तिचा भाऊ येतोय. तोवर तू पोरीला घेतलं नाहीस तर ती तिला घेऊन माहेरी जाईल, आणि परत कधी येणार ते तिनं लिहिलेलं नाही.

अम्मी कामावर जायची तेव्हा तुला कडेवर घेऊन मी वाढवलं, ते हे वाचायला का? इथे शाळेच्या गणवेशांचे चाळीस सदरे अजून बिनबाह्यांचे पडलेत, मान अवघडली आहे, आणि त्यात तुझी ही थेरं. खरं काय ते लिही. गोडगोड लिहिलंस तर पाकीट न फोडता परत पाठवीन.
रागातसुद्धा लोभ सुटत नाही, काय करू.
तुझी आपा

९ मार्च
प्रिय आपास, सलाम वि. वि.
मुलगी नको होती म्हणून मी असा वागतो, हे तुलाही खरं वाटलं, ते फार लागलं. आपा, मला ती इतकी हवी आहे की मी तिच्याजवळ जायला घाबरतो.

ती घरी आली त्या दिवशी खिडकीशी उभा राहून तिला घेणार होतो. तिसरा मजला, काच मीच बसवलेली. मनात आलं, हात सोड. कुणी कानात सांगावं इतकं स्पष्ट. मी हात मागे घेतले ते आजतागायत. आता नमाजातही सुटका नाही. सजद्यात डोकं टेकलं की अल्लाहबद्दल असे शब्द मनात येतात की ते कागदावर लिहिण्यापेक्षा हात कापून देईन. मग वाटतं वजू तुटलं, पुन्हा करतो. कोपर कोरडं राहिलं असं वाटतं, पुन्हा. हाताची सालं निघाली आहेत. काचेच्या कारखान्यात तीन दिवस उशिरा गेलो, फोरमनने विचारलं की घरी पाण्याचा कारखाना काढलाय का.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण असलं चिंतणारा बाप असतो का? बायकोला कसं सांगू? एक विचारतो. लहानपणी तू मला गच्चीची पायरीसुद्धा चढू दिली नाहीस. सगळी पोरं वर खेळायची आणि मी खाली जिन्यात बसून रडायचो. तेव्हाच तुला माझ्यात काही वाईट दिसलं होतं का?
उत्तर दे, मग हवं तर बोलणं टाक.
भुंगा

१३ मार्च
चि. भुंग्यास, अनेक उत्तम दुवा.
वेडा आहेस. याला वसवसा म्हणतात, सैतानाचे उद्योग आहेत. पोरीला हात लावण्याआधी शंभर वेळा अऊजु पढ, सैतानापासून अल्लाहचा आसरा माग. मोजताना चुकलं तर पहिल्यापासून. मन दुसरीकडे गेलं तरी पहिल्यापासून. रोज कर, आळस नको.

गच्चीचं काय घेऊन बसलास? मला वर चक्कर येते, सगळ्यांना ठाऊक आहे. नसत्या चौकशा सोड आणि सांगितलं तेवढं कर. बायकोला मी परस्पर काही लिहिणार नाही, ते तुझं तू निस्तर.
बरं झाल्याचं कळव.
आपा

२१ मार्च
प्रिय आपास, सलाम वि. वि.
तुझ्या औषधाने आगीतून फुफाट्यात पडलो. साठ-सत्तरपर्यंत येतो, मध्ये तो विचार येतो, पुन्हा एकपासून. शंभर भरेपर्यंत पोर रडून रडून झोपलेली असते आणि बायको माझ्याकडे पाठ करून तिचे कपडे पिशवीत भरत असते. काल तर मोजता मोजता मी तुझ्यावरच चिडलो. माफ कर, पण खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो.

परवा मशिदीतली फुटलेली काच बदलायला गेलो होतो. पेश-इमाम शेजारी उभे राहून बघत होते. मी हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढली आणि काच मोडायला घेतली. त्यांना ती रेघ फिकी वाटली, तिच्यावरून कलम आणखी एकदा फिरवायला सांगितलं. मला रागच आला. मी म्हटलं, साहेब, काचेवर रेघ एकदाच. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा कलम फिरवलं की काच वाकडी फुटते, कलमही जातं. फिकी दिसली तरी विश्वास ठेवून मोडायचं. यावर ते म्हणाले की मग हौदावर तू चार-चार वेळा वजू करतोस ते कसं चालतं? हे त्यांनी महिनाभर पाहिलं होतं.

मग सगळं सांगितलं, ते खिडकीचंसुद्धा. ते दचकले नाहीत. म्हणाले, पैगंबरसाहेबांच्या (स.) सोबत्यांनीही येऊन सांगितलं होतं की आमच्या मनात असं येतं जे तोंडातून काढवत नाही, आणि त्यांना उत्तर मिळालं की हेच तर उघड ईमान, खरी श्रद्धा आहे. जे मनात येतं आणि माणूस बोलत नाही, करत नाही, त्याची अल्लाहकडे पकड नाही. अऊजु एकदा म्हणायचं आणि कामाला लागायचं. वजू एकदा, शंका आली तरी पुढे. मोजायला त्यांनी सक्त मनाई केली. वर दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडेही जायला सांगितलं, दुवा आणि दवा यांचं भांडण नाही म्हणून.

पटलं सगळं. पण आपा, हात अजून पुढे होत नाहीत. इमामसाहेबांच्या मनात असलं कधी आलं असेल का? चांगल्या माणसांना असलं येत असेल असं मला वाटत नाही. रविवारला आठच दिवस उरलेत.
भुंगा

२५ मार्च
चि. भुंग्यास, अनेक उत्तम दुवा.
दोनदा लिहिलं आणि फाडलं. हे तिसरं, आता बदलणार नाही.

तू आठ महिन्यांचा होतास, मी चौदा वर्षांची. अम्मी कामावर गेली होती. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तू कडेवर. कठड्यावरून खाली वाकले आणि मनात आलं, याला सोडून बघ. ओले कपडे तिथेच टाकून तुला छातीशी धरून खाली पळाले. पुन्हा तुला वर नेलं नाही, कुणाला नेऊ दिलं नाही. चक्करबिक्कर काही येत नाही मला. एकतीस वर्षं मी कपडे खोलीत वाळत घालते आहे, पावसाळ्यात वास मारतात तरी.

तुझ्यात वाईट दिसलं नव्हतं रे. माझ्यात दिसलं होतं. आणि ते शंभरचं औषध मी कुठल्या किताबातून काढलेलं नाही, चौदाव्या वर्षापासून मी तेच घेते आहे. गुण आलेला नाही. तरी तुला तेच पाजलं, माझ्या अकलेला काय म्हणावं.

तुझ्या मनात आलं म्हणून तू वाईट, तर मग मी कोण? मी तर तुला दहा वर्षांचा होईपर्यंत आंघोळ घातली, कधी खरचटू दिलं नाही. आता पोरीला घे. बायकोला खरं सांग, हे पत्र दाखवलंस तरी चालेल. आणि मोजू नकोस. मीही सोडायचं ठरवलंय, जमेल की नाही अल्लाह जाणे.
तुझीच, जशी आहे तशी,
आपा

३० मार्च
प्रिय आपास, सलाम वि. वि.
तुझं पत्र बायकोला वाचायला दिलं. वाचून ती आधी रडली, मग अशी कडाडली की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दोन महिने तुम्ही नळाशी झिजत होतात आणि मी मुलगी नको होती असं समजून झुरले, दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं, असं म्हणाली.

मेव्हणा काल आला तेव्हा पोरगी माझ्याकडे होती. खिडकीशीच उभा होतो. तो विचार आला, आपा. आला तसाच. एकदा अऊजु म्हटलं आणि तिचं टोपडं नीट करत राहिलो. मेव्हणा चहा पिऊन एकटाच परत गेला. डॉक्टरीणबाईंची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

तू चाळीस सदरे जिथल्या तिथे टाक आणि ये. आमच्या इमारतीलाही गच्ची आहे, कठडा कमरेएवढा. पोरीला अजून वर नेलेलं नाही. पहिल्यांदा तूच घेऊन जा. मी खाली थांबतो.
वाट बघणारा,
भुंगा