कोंतेसाची कात

शार्लरुआ, १२ एप्रिल १९५९

ती. ताईस लोरेतोचा नमस्कार, वि. वि.

हुकूम सोडतो, हुकूम सोडतो, असं तू दर पत्रात लिहितेस. बरं, सोडतो. बाबांना आणि त्या कोंतेसा सापिणीला तुझ्या गळ्यात टाकून मी बेल्जियमला पळालो, हेही खरं. इथे कोळशाच्या खाणीत मी काय मजा मारतोय ते एकदा येऊन बघ. पण भांडण ठेव बाजूला, आधी हे वाच.

कोंतेसाचे डोळे दुधाळ झालेत म्हणतेस, कात तुकड्यातुकड्यांनी सुटतेय, आणि बाबा म्हणतात जत्रेआधी हातानं सोलून तिला चकचकीत करू. करू देऊ नकोस. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा एक हात लुळा, दुसरा थरथरतो. चूक झाली ती तुम्ही तिची पेटी चुलीजवळ ठेवलीत तिथंच. तुम्हाला वाटलं ऊब, ती सुकली. पेटी लांब हलव. पिठाची रिकामी पिशवी कोमट पाण्यात भिजवून पीळ, तिला आत सोड, तोंड सैल बांध आणि आपल्या कामाला लाग. ओल्या कापडात फिरून तिची ती अंग घासेल. पेटीत एक खडबडीत दगडही ठेव. ओढायचं काही नाही. डोळ्यावरचा पापुद्राही कातीचाच, पण त्याला नख लावलं तर डोळा जाईल. राहिला तर राहू दे, पुढच्या कातीला निघेल.

इथल्या एका दोस्ताला सांगितलं, की इटलीत आमच्या गावच्या जत्रेत संताच्या मूर्तीवर जिवंत साप घालून मिरवतात. आता तो माझ्याशेजारी जेवायला बसत नाही.

रागव, पण माया आटवू नकोस.
तुझा लोरेतो

गावाहून, ९ मे

चि. लोरेतोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच बाबांनी नख लावलं. मी झऱ्यावर कपडे धुवायला गेले होते. परत आले तर पेटीपुढे बसलेले, बोटाला तो पापुद्रा चिकटलेला. बाकीच्या कातीसारखाच निघेल असं वाटलं गं, एवढंच म्हणाले. उजवा डोळा गेला.

बाकी सगळं तू लिहिलंस तसं केलं. पिशवीतून मानेपासून शेपटीपर्यंत उरलेली कात अख्खी निघाली. मला वेड्यासारखा आनंद झाला, मग डोळा दिसला.

जत्रेत बाबांनीच तिला मूर्तीवर ठेवलं. संताच्या डोळ्यांवर ती गेली नाही, म्हणून वर्ष चांगलं जाणार म्हणे. ओरेस्तेकाका मात्र टोमणा मारायला विसरले नाहीत, की म्हातारा आणि साप, ह्या दोघांत मिळून डोळे तीन आणि हात एक.

दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापला साप धरला होता तिथं नेऊन सोडला. बाबा उठले नाहीत. धरणाऱ्यानंच सोडायचा हा आपल्याकडचा नेम, आणि कोंतेसाला धरलंस तू, जायच्या आधीच्या वसंतात. तेव्हापासून ती पेटीत आहे. आता अंडं पुढे ठेवलं तरी तोंड लावत नाही. मी म्हटलं, मरेल ती. बाबा म्हणाले, "लोरेतो येईल, मग सोडेल." कधी, असं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हा सरळ सांग, या उन्हाळ्यात येतोस का? माझ्या समाधानासाठी काही लिहू नकोस.

जिवाला जप, आणि आमच्यावर जीव असू दे.
तुझी एर्सिलिया

शार्लरुआ, २१ मे

ती. ताईस नमस्कार.

सरळ विचारलंस, सरळ लिहितो. येत नाही. रजा मिळत नाही असं लिहिणार होतो, पण मिळतेय. गावात पाय ठेवला की दुसऱ्या दिवशी माझे तळवे शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. मी निघून जाताना बाबांनी एकदा पाहिलं, पुन्हा कशाला दाखवू?

कोंतेसाला तू सोड. जुन्या चुनाभट्टीमागे पडकी भिंत आहे ना, तिथं धरली होती. दगड तापल्यावर जा. पेटी आडवी कर, हात लावू नकोस, ती जाईल. एका डोळ्यानं अडत नाही, तिचं बरंचसं काम जिभेवर चालतं. जगेलच असं मात्र म्हणत नाही. बाबांना चालवेल तितकं ने, आणि हे वाचून दाखव: बाबा, धरणारा मी होतो, सोडा म्हणून मीच सांगतोय. माझी वाट बघत तिला कोंडू नका.

ते रडले तर मला कळवू नकोस.

मी आहे तसाच पदरात घे.
लोरेतो

ता. क. गावी यायच्या तिकिटासाठी पैसे बाजूला ठेवले होते, ते सगळे मनिऑर्डरनं पाठवतोय. चौदाशे फ्रँक.