असरची चौथी रकात

९ जानेवारी १९७९, आसगाव
नमाजेत मन कसं लावावं, यावर वीस वर्षांपासून पुस्तक लिहितोय. आज दोन ओळी. त्याही खोडल्या. सकाळी एक जण बकरीसाठी ताईत मागायला. मग दोघं भाऊ शेताच्या धुऱ्याचं भांडण घेऊन. धुऱ्याशी माझा काय संबंध? चहा ठेवताना रजिया म्हणाली, "लोकायवर कायले चिडता? त्यायचेच इमाम आहा ना तुमी." बायको की मुन्सफ!
(उर्दूत लिहायला बसलो की माझं प्रवचन होतं. म्हणून ही वही मराठीत.)

११ जाने.
इमाम चुकला तर मागून 'सुब्हानल्लाह' म्हणून सावध करायचं, एवढं इस्माईलभाईंना ठाऊक. आज भलत्याच जागी म्हणाले. माझं बरोबर होतं. नमाजेनंतर सगळ्यांसमोर झापलं. "आधी शिका, मग शिकवा." वैताग नुसता.

२३ जाने.
पुस्तक सुटलं! असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजेला उभा होतो आणि मन भरकटण्यावरचा अख्खा परिच्छेद सुचला. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपवली आणि थेट घरी, उतरवून काढला. इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं.

२५ जाने.
चहाच्या टपरीवर रहीमचाचा, अगदी अदबीनं, "मौलवीसाब, परवा असरच्या तीन रकाती कोणत्या मसल्यानं, कोणत्या नियमानं जी?"
तीन? उभं राहणं, वाकणं, सजदे, ही एक रकात; असरला अशा चार.
"चारच्या जागी तीनच झाल्या ना. आमी समजलो, तुमी एवढं वाचून राहिले, काही नवीन निघालं असन."
एवढी माणसं मागे, आणि एकानं तोंड उघडलं नाही! तीन रकातींवर खुशाल घरी गेले. डोकंच फिरलं. "काहून नाही सांगितलं?"
चाचा कपात बघत म्हणाले, "इस्माईलचं पाह्यलं ना जी."
चहा तसाच ठेवून उठलो.

२६ जाने., जुम्मा
मशिदीत मिंबरच्या पायरीवरून सगळ्यांना सांगितलं. चूक माझी, ती असर पुन्हा पढा, मी चुकलो तर टोका. माना हलल्या. बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला, "केवढा मोठा माणूस, पाह्य. चूक नसून बी आपल्या अंगावर घेते."
कपाळावर हात मारला. लाज वाटते, राग त्याहून जास्त. यांचा की माझाच, ते काही…

८ फेब्रु.
असर. शेवटच्या बैठकीला बसलो आणि मागून 'सुब्हानल्लाह'. इस्माईलभाई. आवाज कापत होता. म्हणजे त्यांच्या मोजणीनं तीनच झाल्या, चौथीला उठा. मी उठलो नाही, सलाम फिरवला. वळून विचारलं, किती झाल्या?
"तुमी म्हणान तेवढ्या जी," रहीमचाचा. बाकीच्यांनी माना डोलावल्या.
इस्माईलभाईंना चुकलात म्हटलं, तर या गावात पुन्हा कोणी मला टोकणार नाही. बरोबर म्हटलं, तर खोटं. "उद्या सांगतो" म्हणून निघालो.
घरी किताबं उघडली. मसला सरळ आहे. इमामाला खात्री असेल तर त्यानं आपल्या खात्रीवर चालावं. मला खात्री आहे, चारच झाल्या.
त्या तीनच्या दिवशीही खात्रीच होती.