तुला न गेलेलं कार्ड

लखनादौन,
१९ फेब्रुवारी १९७८

प्रिय अरुंधती,

तुझे बाबा गेले. परवा महिना झाला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पानभर हवापाण्याच्या गोष्टी करून शेवटी असली बातमी देणाऱ्या माणसांची मला चीड आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

मी तुझ्याकडे निघाले आहे. एकटी, आपली फियाट घेऊन. सकाळी सहाला नागपूर सोडलं, आता चार वाजलेत, इथल्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बसले आहे. सात वर्षांनी मला घरात घेशील की नाही, हाच विचार वाटभर यायला हवा होता. पण डोक्यात काहीच येत नव्हतं. मैलाचे दगड वाचत होते.

मधुकाकांनी तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडीला गिऱ्हाईक आणलं. मला न विचारता. बाईमाणसाला गाडी कशाला, म्हणे. चौतीस वर्षं कॉन्व्हेंटच्या पोरींना व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे ऐकावं लागतं. गिऱ्हाइकाला चहा दिला, किल्ली दिली नाही. तुझ्या बाबांनीही मला गाडी शिकवली ती जकात नाक्यापर्यंतच. पुढे कधी चालवू दिली नाही. आज नाका ओलांडला आणि काहीच वाटलं नाही.

देवलापारला इंजिन तापलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मग मागच्या सीटवर डोकावून म्हणाला, “डायवर कुठी गेला, बाई?” म्हटलं, तुमच्यासमोर उभा आहे. “एकल्याच निघाल्या? घरचे माणसं काहून नाही आले?” म्हटलं, त्यांना विचारलं नाही. तो हसला. “बसा, माय. गाडीले दम खाऊ द्या.” दोन तास त्याच्या बाकावर बसले. पोळीभाजी खाल्ली, चव कळली नाही. पुढे सागाचं जंगल लागलं, तेही नुसतं पाहिलं.

मधुकाकांनी पन्नास कार्डं लिहिली होती, वर ‘अशुभ’, खाली तीन ओळी. सावनेर, कळमेश्वर, वीस वर्षांत ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्यांनासुद्धा. लोकांनी रीतीप्रमाणे ती वाचली, फाडली, आंघोळी केल्या. तुला कार्ड आलं नाही. बौद्ध घरात लग्न केलेल्या पुतणीला त्यांनी वगळलं, असं तुला वाटेल. महिनाभर मीही लोकांना तसंच वाटू दिलं.

इथून पाचला तुमच्या जबलपूरची बस आहे. कंडक्टरला जावयाचं, देवरावांचं नाव सांगितलं, तर म्हणाला, “अरे, अपने बुकिंगवाले देवराव बाबू?” म्हणजे हे पत्र त्याच्याकडे दिलं की आजच तुझ्या हाती पडेल, माझ्या आधी. तेवढ्यासाठीच लिहिते आहे. मधुकाकांनी तुझं कार्ड लिहिलं होतं. माझ्यापुढे धरून म्हणाले, “वहिनी, हे टाकतो. बाप आहे तिचा.” मी ते घेतलं आणि फाडलं. यांनीच तसं सांगून ठेवलंय, म्हटलं. तुझ्या बाबांनी तसं काहीही सांगितलं नव्हतं. तू देवरावांबरोबर दारात उभी राहशील आणि जमलेल्या बायका कुजबुजतील, एवढीच भीती होती मला. हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, आणि न सांगता तुझ्या घरचं पाणी प्यायचं नाही. उद्या दहाला येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी हॉर्न वाजवणार नाही.

तुझीच,
आई